व्हर्निअरकाका आणि पोकरची पुस्तकं

पुस्तक हातात घेतल्यावर ते उघडण्याआधी त्याची जाडी मोजणारा वाचक मी एकच पाहिला. शर्टाच्या खिशातून व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची जबड्याची पट्टी, काढायचे, पुस्तक त्याच्या जबड्यात धरायचे, आधी वरच्या टोकाला, मग खालच्या टोकाला, आणि दोन्ही मापं जुळली तरच ते घरी न्यायचे. जुळली नाहीत तर पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "ताई, बांधणी तिरकी आहे. पुढच्या पावसाळ्यात पानं सुटतील." आणि सुटायची.

नाशिकच्या इंदिरानगरला एका इमारतीच्या तळमजल्यावर माझं वाचनालय आहे. दोन खोल्या, भिंतभर कपाटं, एक लांब टेबल. आमच्याकडे नसलेलं पुस्तक कुणी मागितलं तर मी ते मागवून देते. त्याची माझी ठरलेली पद्धत आहे: मागणी नोंदवायची, विक्रेते शोधायचे, भाव विचारायचे, आलं की खूण करायची. काका त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली होती. दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना व्हर्निअरकाका म्हणत. काकू मी त्या इमारतीत येण्याआधीच गेल्या होत्या. मुलगी मीनल पुण्यात कॉम्प्युटरवरच्या कुठल्याशा नोकरीत, एवढंच आम्हाला माहीत होतं. आता काकाही नाहीत. वरच्या घराला कुलूप आहे, आणि मला मात्र अजून त्यांच्याबद्दल नीटसं काही मांडता येत नाही. एरवी माझं सगळं मांडून ठेवलेलं असतं.

त्यांच्या जगात दोनच शब्द होते, पास आणि रिजेक्ट. दूध पास. लिफ्टवाल्याने बसवलेला नवा दरवाजा रिजेक्ट, कारण खाली फट राहते. भाजीवाल्याची काकडी रिजेक्ट, कारण देठाशी कडू निघणार. पण कारण ते नेहमी सांगायचे, तेही समोरच्याला पटेपर्यंत. "कारण न सांगता रिजेक्ट करणारा आणि न बघता सही करणारा, दोघंही एकाच जातीचे इन्स्पेक्टर," असं त्यांचं म्हणणं. काकूंच्या आठवणी सांगताना म्हणायचे, "मी भाकरीची जाडी मोजायचो. ती म्हणायची, मोजा, मोजा, आणि गार झाली की माझ्या नावाने ओरडा." मूळचे ते सटाण्याकडचे. एरवी बोलणं शहरी, मोजूनमापून, पण गोंधळले की तोंडातून अहिराणी बाहेर पडायची. "हाई काय शे?" असं ऐकू आलं की समजावं, काकांच्या मापात न बसणारं काहीतरी समोर आलं आहे.

एका सकाळी ते आले आणि काउंटरपाशी उभं राहून, औषधाचं नाव सांगावं तसं म्हणाले, "ताई, पोकरची पुस्तकं हवीत. कॅश गेमची. शिकाऊ लोकांची नको. ज्यांना चांगलं येतं त्यांच्यासाठीची."

मी पेन हातात धरून तशीच बसले. आमच्या इमारतीत दिवाळीला तीन पत्तीचा डाव पडतो. त्यात काका कधी बसले नव्हते. एकदा कुणी फारच आग्रह केला तेव्हा, "मला सगळ्यांची पानं बघून मग खेळायची सवय आहे," म्हणून घरी निघून गेले होते.

"पोकर म्हणजे रमीसारखंच ना, काका?"

"रमी नाही. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये पाच उघडी. बोली लावत जायची. नको वाटलं तर पानं टाकून द्यायची."

"आणि हे तुम्ही खेळता?"

"मी? छे!" त्यांना माझा प्रश्न अपमानास्पद वाटला असावा. "मला फक्त समजून घ्यायचंय."

वाचकाला पुस्तक कशासाठी हवं आहे हे विचारायचं नाही, हा माझा नियम आहे. मी मागणी नोंदवली आणि कामाला लागले. तिथून पुढे दोन-तीन वर्षं मी जेवढी गोंधळले तेवढी उभ्या आयुष्यात कधी गोंधळले नव्हते.

पहिलं पुस्तक मी आठवड्याभरात मागवलं. जाडजूड, चकचकीत, वर 'प्रगत' असं मोठ्या अक्षरात छापलेलं. काकांनी मोजलं, जाडी पास झाली. चार दिवसांनी परत घेऊन आले.

"रिजेक्ट. ताई, हे टुर्नामेंटचं आहे."

"पोकरचंच आहे की!"

"पोकरचं आहे, कॅश गेमचं नाही." मग त्यांनी खुर्ची ओढून मला समजावलं. टुर्नामेंटमध्ये सगळे एकदाच प्रवेश भरतात, बोली ठरावीक वेळाने वाढत जाते आणि एकच जण उरेपर्यंत खेळ चालतो. कॅश गेममध्ये कधीही बसा, कधीही उठा, समोरच्या प्लॅस्टिकच्या चकत्या म्हणजे खरे पैसेच. "टुर्नामेंट म्हणजे परीक्षा. कॅश गेम म्हणजे नोकरी. परीक्षेचं गाईड नोकरीत काय कामाचं?"

मला हे पटलं. मी माझ्या तक्त्यात एक रकाना वाढवला. दुसरं पुस्तक कॅश गेमचं होतं, पण त्यात निम्मी पानं कुठली जोडी कुठल्या जोडीपेक्षा मोठी हेच सांगण्यात खर्ची पडली होती. "हे पहिलीचं," काका म्हणाले. आणखी एक रकाना. तिसरं निघालं जुन्या प्रकाराचं, ज्यात बोलीला मर्यादा असते. आता तसं फारसं कुणी खेळत नाही, हे काकांना तोवर कुठूनतरी कळलं होतं. अजून एक रकाना. चौथं अगदी हवं तसं होतं, पण सगळे खेळाडू भित्रे आहेत असं धरून लिहिलेलं. ते काही वर्षांपूर्वी खरंही असेल.

हळूहळू विक्रेत्यांना विचारायचे माझे प्रश्न पाठ झाले. किती जणांच्या टेबलाचं? चकत्यांचा ढीग मोठा असताना कसं खेळायचं ते आहे का? नुसती उत्तरं आहेत, की उत्तर कसं काढलं ते दाखवलंय? कॉम्प्युटरने हिशोब मांडायला लागल्यानंतरचं आहे का आधीचं? शेवटी सोडवायला उदाहरणं आहेत का? मुंबईच्या एका विक्रेत्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि आदराने विचारलं, "मॅडम, आप खुद खेलती हो क्या?"

"नाही हो. मला बदाम सात येतो."

तो इतका हसला की मला भाव कमी करून मिळाला.

घरी नवऱ्याला निराळीच काळजी. "त्या टेबलावर हिरवं कापड टाक आता. पाटी बदलू. वाचनालय आणि क्लब."

"काका खेळत नाहीत."

"मग वाचतात कशाला?"

"तेच तर कळत नाही."

ते कळलं गणपतीत. आमच्या इमारतीची आरती झाली, प्रसाद वाटला जात होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सहज विचारलं, "काका, मीनल यंदा पण नाही आली? काय करते हो आता ती?"

"चौकशी चालू आहे," काका म्हणाले आणि खिरापतीची वाटी घेऊन पुढे सरकले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. स्वतःची मुलगी काय करते याची चौकशी?

दुसऱ्या दिवशी वाचनालयात कुणी नव्हतं. काका टेबलाशी बसले होते, समोर एक उघडं पुस्तक. पान उलटत नव्हते. मी चहा ठेवला. तेव्हा त्यांनीच सांगितलं. मीनलला पुण्याची नोकरी सोडून बराच काळ झाला होता. ती पोकर खेळते. तोच तिचा व्यवसाय. आधी घरून, कॉम्प्युटरवर. पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले तेव्हा ती गोव्याला राहायला गेली, तिथे समोरासमोर बसून खेळते. पोट त्याच्यावर चालतं, आणि चांगलं चालतं.

"तुम्ही रागावलात का तिला?"

"कशावरून रागावू? रिजेक्ट करायचं तर कारण लागतं. मला खेळच माहीत नाही. आणि पास करायचं तर सही करावी लागते. न बघता कशी करू?" त्यांनी चहाचा कप बशीत जरा फिरवला. "तिने फोनवर विचारलं होतं, पप्पा, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, वाचून सांगतो."

"मग?"

"वाचतोय."

ती दर रविवारी फोन करायची. गुडघा कसा आहे, पाणी येतं का, बीपीची गोळी घेतली का. तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नव्हता आणि त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. त्याला आता दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या. काकांना डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं होतं. ते त्यांनी मीनलला कळवलं नव्हतं, मला मात्र सहज बोलल्यासारखं सांगितलं. "वेळेत व्हायला पाहिजे, ताई," ते म्हणाले. "तपासणी अर्धवट टाकून जायची सवय नाही मला."

त्या दिवसापासून पुस्तकं शोधणं हे माझं नेहमीचं काम राहिलं नाही. मी रात्रंदिवस त्याच मागे होते असं नाही, बाकीचे सभासद होतेच. पण प्रत्येक नवं पार्सल फोडताना वाटायचं, ह्यात तरी काकांना काहीतरी धरायला मिळू दे.

मिळालं उलटंच. जितकं पुस्तक चांगलं, तितके काका जास्त गोंधळायचे. बाळबोध पुस्तकांत सगळं स्पष्ट असायचं, ही पानं ठेवा, ही टाका. प्रगत पुस्तक लगेच सांगायचं, तसं काही नसतं. समोर कोण आहे, तो आधी काय बोलला, तुम्ही टेबलावर कुठल्या बाजूला बसलात, त्यावर सगळं ठरतं. आणि मग एका दुपारी, मी मनापासून शोधून मागवलेलं, तक्त्यांनी भरलेलं पुस्तक वाचता वाचता काका जवळजवळ ओरडले, "हाई काय शे!"

मासिकं चाळणाऱ्या आजोबांनी वर बघितलं. मी धावत गेले. काका बोटाने एक ओळ दाखवत होते.

"वाचा. हातात हीच पानं, समोर हीच पानं, बोली हीच. आणि काय करायचं? दहातून सात वेळा टाकून द्या, तीन वेळा बोली वाढवा. ताई, एकच पार्ट आहे! माप तेच आहे! सात वेळा रिजेक्ट करा आणि तीन वेळा पास करा? असा इन्स्पेक्टर मी ठेवला असता का?"

"पण कुठल्या तीन वेळा?"

"तेच तर लिहिलंय पुढे. कुठल्याही. ठरवून नाही. मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघा म्हणे, आणि त्यावर ठरवा. म्हणजे समोरच्याला अंदाज येत नाही."

मी ती ओळ दोनदा वाचली. मला त्यात चूक सापडली नाही आणि अर्थही सापडला नाही. मासिकवाले आजोबा म्हणाले, "लग्नाआधी आमच्या हिचे वडील असंच करायचे. कधी हो, कधी नाही." कुणी हसलं नाही.

काकांनी मग ठरवलं की नुसतं वाचून भागणार नाही, बघायला हवं. सकाळच्या ट्रॅकवरचे त्यांचे दोन मित्र होते, दोघंही निवृत्त, एक शिक्षक, एक एसटीतले. संध्याकाळी आमच्याच लांब टेबलावर डाव बसायला लागला. पैसे लावायचे नाहीत ही काकांची अट, म्हणून चिंचोके आणले. एसटीवाल्या मित्रांनी गावाहून पिशवीभर पाठवले. काका पुस्तकाप्रमाणे काटेकोर खेळायचे आणि हरायचे. कारण ते दोघं पानं टाकतच नसत. काकांनी कितीही मोठी बोली लावली तरी शिक्षक म्हणायचे, "बघू या हो, चिंचोकेच तर आहेत."

"अहो, ह्या बोलीला तुम्ही घाबरायला पाहिजे," काका त्यांना समजवायचे. "पुस्तकात आहे. तुमच्या हातात सत्ती आहे, तुम्हाला भीती वाटायला हवी."

"कशाची भीती? हरलो तर काय, तुमचे चिंचोके परत देईन."

"मग हा खेळच होत नाही!"

"होतोय की. जिंकलो ना मी."

काका माझ्याकडे वळून म्हणायचे, "ताई, ज्याला भीती नाही त्याच्यापुढे हे पुस्तक चालत नाही. असं प्रस्तावनेत लिहायला पाहिजे होतं." मी ते खरंच माझ्या रकान्यांत लिहून ठेवलं. कुणाला विचारायचं, ते मात्र कळेना.

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला होता तेव्हा मीनल चार दिवस नाशिकला आली. मी तिला पहिल्यांदाच नीट पाहत होते. उंच, शांत, केस बांधलेले, काकांसारखीच बोलण्याआधी थोडं थांबणारी. आल्या आल्या ती खाली आली, मला "काकू" म्हणून नमस्कार केला आणि काकांसाठी राखून ठेवलेल्या कप्प्यापाशी जाऊन उभी राहिली. मी एका ओळीत लावून ठेवलेली ती सगळी पुस्तकं.

"हे सगळं पप्पांनी वाचलं?"

"वाचलं. काही दोनदा."

तिने एक काढलं, परत ठेवलं. दुसरं काढलं. "ह्यातली दोन चांगली आहेत. हे तर मीसुद्धा अर्धवट सोडलंय." मग हळू आवाजात, "काकू, ते मला कधी बोललेच नाहीत. मी समजत होते की त्यांना तो विषयच नको आहे."

त्याच संध्याकाळी काकांनी तपासणी ठेवली होती. दुसरा शब्द नाही. सहा जणांचं टेबल हवं म्हणून मला, माझ्या नवऱ्याला आणि दोन्ही मित्रांना बोलावून घेतलं. वाचनालय लवकर बंद करायला लावलं. चिंचोक्यांचे सारखे ढीग केले. स्वतः नवा शर्ट घातला होता, खिशात व्हर्निअर होतंच, कशासाठी ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती. बाजूला चिवडा आणि द्राक्षांची थाळी. मीनल आली, तिने टेबल पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

"बस," काका म्हणाले. "तू खेळ. मी खेळता खेळता बघतो. मग सांगतो तुला."

"काय सांगता?"

"तू विचारलं होतंस ते."

मीनल बसली. पत्ते हातात घेतले, एकदा पिसले. त्या पिसण्यातच आम्हा सगळ्यांना कळलं की आपण कुणासमोर बसलोय. शिक्षकांनी नकळत आपले चिंचोके जवळ ओढले. पण तिने पानं वाटली नाहीत. गठ्ठा टेबलावर ठेवला.

"पप्पा, एका संध्याकाळवरून काही ठरत नाही. मी आज जिंकले तरी नाही आणि हरले तरी नाही. हे तुमच्या पुस्तकांतही असेल."

"आहे," काका म्हणाले. "सॅम्पल लहान पडतं. मला सॅम्पल शिकवू नको. मी विचारतो, किती मोठं पाहिजे?"

"खूप."

"खूप म्हणजे?"

"लाखभर डाव बघायला हवेत. तेव्हा थोडंफार सांगता येतं की हे नशीब आहे का हात चांगला आहे."

काका मनात काहीतरी मोजत होते हे आम्हाला दिसत होतं, आणि काय मोजत होते हेही मला एकटीला कळत होतं.

"तेवढे मला बघायला मिळणार नाहीत, मिनू."

"आणि तोवर खेळ बदलतो," ती म्हणाली. तिला त्यांच्या बोलण्यातलं अजून कळलं नव्हतं. "मी दरवर्षी नव्याने शिकते."

"म्हणजे तुलाही नक्की माहीत नाही? तू चांगली आहेस का नाही ते?"

"पूर्ण नाही."

"मग रोज बसतेस कशी?"

मीनलने खांदे उडवले नाहीत की ती हसली नाही. ती खरोखर विचार करत होती. "जेवढं कळतं तेवढ्यावर बसते. चुकलं तर संध्याकाळी घरी जाऊन बघते कुठे चुकलं. तुम्ही नाही का, पार्ट बघायचात?"

"माझ्याकडे मापाचं गेज होतं, बेटा. पार्ट त्यात बसला तर बसला, नाही तर नाही."

"माझ्याकडे तसं काही नाही."

नवरा द्राक्षाचा देठ बोटांत फिरवत बसला होता. एसटीवाले मित्र हळूच म्हणाले, "म्हणजे आज डाव नाही का?" शिक्षकांनी त्यांना कोपराने ढोसलं.

"पप्पा," मीनल म्हणाली, "मी तुम्हाला तपासायला सांगितलंच नव्हतं. मी फक्त विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं."

"पण वाटण्यावर सही कशी करायची?" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. तीन वर्षं वाचून, मोजून, हरून आलेला तो प्रश्न होता, आणि तो त्यांनी तिला विचारला, मला विचारला, बहुतेक चिवड्याच्या वाटीलाही विचारला. मीनलने मग द्राक्षाची थाळी त्यांच्यापुढे सरकवली, आणि आम्ही सगळे खायला लागलो. चिंचोके तसेच पडून राहिले. मी ते दुसऱ्या दिवशी बरणीत भरले.

नंतर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. हृदयाचं काकांनी तिला सांगितलं, हे मात्र नक्की, कारण दोन दिवसांनी ती खाली आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि तिने मला विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं, काकू?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मी त्यांना घेऊन जाते आहे." ते तयार आहेत का, असं मी विचारल्यावर म्हणाली, "पप्पांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बॅग भरताहेत."

निघायच्या आदल्या दिवशी काका पुस्तकं परत द्यायला आले. सगळी वेळच्या वेळी परत, कोपरे सरळ. मी म्हटलं, राहू द्या ना, घेऊन जा. "नको," म्हणाले. "आता कळलंय की कळत नाही. तिथे बसून प्रत्यक्ष बघतो थोडं. लाख नाही होणार. जेवढे होतील तेवढे."

ओझरच्या विमानतळावर त्यांना सोडायला मी आणि नवरा गेलो होतो. कारखाना तिथून हाकेच्या अंतरावर. काका गाडीतून उतरून थोडा वेळ त्या बाजूला बघत उभे राहिले. मग आत शिरायच्या रांगेत लागले. मीनल पुढे, तिकिटं मोबाइलवर काढत होती. मागून कुणीतरी हाक मारली. काकांचे जुने सहकारी, अहिरे, त्यांच्याच बागलाणातले, सटाण्याकडचे. कुणाला तरी घ्यायला आले होते. दोघांची गळाभेट झाली, आणि दोघंही लगेच अहिराणीत शिरले.

"कोठे निंघना?"

"गोवाले. पोरकडे."

"वा! काय करस तुनी पोर आते?"

मी पाहत होते. तोच प्रश्न, गणपतीत आला होता तो. मीनलचा मोबाइलवरचा अंगठा थांबला होता. तिने मागे वळून पाहिलं नाही.

काका थांबले. त्यांचं ते बोलण्याआधीचं थांबणं, पण या वेळी जास्त लांब.

"पत्ता खेळस," ते म्हणाले. "पैसा लाईसन."

अहिरेंना वाटलं, थट्टा आहे. मग वाटलं, नाही. "म्हंजे जुगार?"

"लोके तशे बी म्हंतस."

"आन चांगली खेळस का?"

"चांगली खेळस, आसं माले वाटस," काका म्हणाले. आणि मग, आयुष्यभराच्या सवयीने, पुढचंही सांगून टाकलं. "खात्री नही."

अहिरे गोंधळून हसले, पाठीवर थाप मारली, "ये परत लवकर" म्हणाले आणि आपल्या पाहुण्याला शोधायला निघून गेले. काका माझ्याकडे वळले. कपाळाला घाम आला होता.

"ताई, बरोबर बोललो ना मी?"

"मला नाही सांगता येणार, काका."

"मलाही नाही," ते म्हणाले, आणि मोकळेपणाने हसले. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवसानंतर ते मला दिसलेच नाहीत.

दारातल्या जवानाने ओळखपत्र मागितलं. "पप्पा, आधार कार्ड," मीनल म्हणाली. काकांनी खिसे चाचपून कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं. ती ते हातात धरून, जवानाला न देता, वडिलांकडे बघत तशीच उभी राहिली. शेवटी रांगेतल्या मागच्या माणसाला म्हणावं लागलं, "मॅडम, चला ना पुढे."